वारशाचे घड्याळ: चालू करावे की थांबलेलेच जपावे?

१/
दौंडच्या रेल्वे वसाहतीत किंवा शिरूरच्या जुन्या पेठेत कपाट आवरताना रुमालात गुंडाळलेले चावीचे घड्याळ सापडणे फारसे दुर्मीळ नाही. आजोबा रेल्वेत होते, पणजोबा पलटणीत होते किंवा लग्नात सासऱ्यांनी ते दिले होते, एवढीच माहिती त्यासोबत येते. घड्याळ बंद असते आणि घरात दोन मते पडतात. एकाला ते घड्याळजीकडे नेऊन चालू करायचे असते. वापरात आहे तेच जिवंत, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्याला त्याला हात लावणेही मान्य नसते. दोन्ही बाजूंना इतिहासाचा आधार आहे. तो कोणता, हे या धाग्यात.

२/
घड्याळ येण्यापूर्वी या भागातला काळ घटिका आणि प्रहरांत मोजला जाई. एक घटिका म्हणजे २४ मिनिटे आणि अहोरात्र म्हणजे ६० घटिका. तळाला बारीक भोक असलेले भांडे पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटिका सरली. लग्नघटिका हा शब्द आजही वापरात आहे, पण तो ज्या यंत्रातून आला ते घटिकापात्र घराघरांतून नाहीसे झाले. शेती, बाजार आणि देवळातली पूजा यांना मिनिटाचा हिशेब लागत नव्हता. मिनिटाची गरज आगगाडीने निर्माण केली.

३/
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५८ मध्ये पुण्याला पोहोचला आणि त्याच वर्षी पुढे पूर्वेस दिकसळपर्यंत गेला. दौंड याच मार्गावर, भीमेच्या काठी. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘धोंड’ असे येते. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. १९१४ मध्ये बारामतीकडे जाणारा अरुंद मार्गही येथून निघाला. जंक्शन म्हणजे एका गाडीने दुसरीची वाट पाहायचे ठिकाण. तेथे स्टेशनमास्तर, गार्ड आणि चालक या तिघांच्या घड्याळांत एकच वेळ असणे हा सुरक्षिततेचा प्रश्न होता.

४/
ती एकच वेळ दौंडची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. दौंड मद्रासच्या बरेच पश्चिमेला आहे. त्यामुळे दौंडच्या आकाशात सूर्य माथ्यावर येई, तेव्हा स्टेशनच्या घड्याळात सरासरीने १२ वाजून २३ मिनिटे झालेली असत. शिरूरला तर रेल्वेच नव्हती आणि आजही शहरात स्थानक नाही. तेथून सावली पाहून निघालेल्या प्रवाशाला गाडी नेहमीच लवकर सुटल्यासारखी वाटली असणार. मनगटावर किंवा खिशात रेल्वेची वेळ बाळगणे म्हणजे एका नव्या व्यवस्थेत प्रवेश करणे होते.

५/
१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि घड्याळे आणखी ९ मिनिटे पुढे गेली. मुंबईत मात्र या वेळेला मोठा विरोध झाला. ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ तेथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, देशभरातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. त्या काळात वापरात असलेल्या प्रत्येक घड्याळाचे काटे या हुकमाप्रमाणे कोणीतरी हाताने फिरवलेले आहेत. कपाटातल्या जुन्या घड्याळाने पाहिलेला इतिहास तो हा.

६/
शिरूरची गोष्ट वेगळी आहे. घोडनदीच्या काठावरचे हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजांचे लष्करी ठाणे होते आणि पुढे पूना हॉर्स या घोडदळाचा मुक्काम येथे दीर्घकाळ होता. छावणीचा दिवस बिगुल आणि तोफेच्या आवाजावर चाले. घड्याळ अधिकाऱ्याच्या खिशात असे. सामान्य शिपायाच्या मनगटावर ते आले ते पहिल्या महायुद्धानंतर. खंदकात खिशातून घड्याळ काढणे गैरसोयीचे होते, म्हणून पुरुषांत मनगटी घड्याळ रूढ झाले. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक सैनिक त्या युद्धात मेसोपोटेमियात लढले.

७/
त्या काळातील घड्याळे परदेशी, मुख्यतः स्विस असत. फेवर-ल्यूबा कंपनीचा हिंदुस्थानातील व्यापार १८६० च्या दशकातला. वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव १८८६ मध्ये मुंबईत पुढे आले. घड्याळे स्वित्झर्लंडची, पण बाजारपेठ इकडची. तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नाव ‘सोवार’, म्हणजे आपला ‘स्वार’. हिंदुस्थानी घोडदळाची प्रतिमा एका स्विस तबकडीवर जाऊन बसली. जुन्या घरांत सापडणाऱ्या स्वातंत्र्यपूर्व घड्याळांत ही नावे वारंवार दिसतात.

८/
१९६१ मध्ये चित्र बदलले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने एचएमटीने बंगळूरला मनगटी घड्याळे तयार करण्यास सुरुवात केली. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही नावे दोन पिढ्यांच्या तोंडी बसली. काही तबकड्यांवर कंपनीचे नाव देवनागरीत होते. लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ देण्याची रीत याच काळातली. कंपनीने दहा कोटींहून अधिक घड्याळे तयार केली. पुढे क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत ती मागे पडली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. सुटे भागही त्यासोबत थांबले.

९/
आता मूळ प्रश्न. इतिहासाच्या अभ्यासकासाठी असे घड्याळ हा दस्तऐवज आहे आणि दस्तऐवज आधी वाचायचा असतो. मागच्या झाकणावर ‘जीआयपी’ ही रेल्वेची आद्याक्षरे आणि क्रमांक कोरलेला असेल, तर तो १९५१ पूर्वीचा असण्याची शक्यता मोठी. कारण ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओढलेले बारीक अंक दिसतात. ते घड्याळजींनी प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी केलेल्या नोंदी असतात. काटा कोणत्या बाजूला झिजला, पट्टा कोठे घासला, यावरून वापरणाऱ्याच्या सवयी कळतात.

१०/
पण हा दस्तऐवज यंत्रही आहे, आणि यंत्राचे नियम वेगळे असतात. चावी दिली की पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना चक्रांना फिरवते आणि बॅलन्स नावाचे छोटे चक्र पुढे-मागे झोके घेत त्या वेगाला लगाम घालते. एचएमटी जनतासारख्या घड्याळात तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ५. दिवसाला ४ लाख ३२ हजार आणि वर्षाला सुमारे १५ कोटी ७७ लाख. तबकडीवर ‘१७ ज्वेल’ असे लिहिलेले असते. ते कृत्रिम माणकाचे बारीक खडे. घर्षण कमी व्हावे म्हणून चक्रांच्या टोकांखाली बसवलेले.

११/
घर्षणाविरुद्ध दुसरे साधन म्हणजे तेल. प्रत्येक टोकाला सुईच्या अग्राएवढा थेंब पुरतो. काही वर्षांत ते तेल घट्ट होते, सुकते आणि धूळ पकडते. मग जे तेल झीज थांबवत होते, तेच पॉलिश पेपरासारखे काम करू लागते. केसाएवढी बारीक टोके खाल्ली जातात, भोके लंबगोल होतात. म्हणूनच चालू घड्याळाचे दर चार-पाच वर्षांनी ऑइलिंग करण्याचा प्रघात होता. तीस वर्षे कपाटात पडलेल्या घड्याळातील तेल निकामी झालेले असते, बाहेरून ते कितीही चकचकीत दिसो.

१२/
यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सर्वांत अधिक हानी ‘चालते का पाहू’ या कुतूहलाने होते. बंद घड्याळ सापडले की प्रत्येक जण चावी फिरवतो. ते दोन मिनिटे चालते, सगळे हरखतात आणि मग कोणीतरी ते महिनाभर हातात घालतो. या महिन्यात कोरड्या यंत्रावर कोटभर ठोके पडतात. जुनी पोलादी स्प्रिंग तर पूर्ण गुंडाळताना तुटूही शकते. सर्व्हिसिंग करणे आणि जपून ठेवणे हे दोन मार्ग आहेत. सर्व्हिसिंगशिवाय वापरणे हा मार्ग दोन्ही बाजूंच्या विरोधात जातो.

१३/
हाच प्रश्न जगातील सर्वांत प्रसिद्ध घड्याळांपुढेही आला. समुद्रावर रेखांश मोजण्यासाठी जॉन हॅरिसन या इंग्रज सुताराने अठराव्या शतकात कालमापके तयार केली. ती पुढे दुर्लक्षित राहिली. १९२० पासून रूपर्ट गुल्ड या नौदल अधिकाऱ्याने त्यांची दुरुस्ती केली. आज ग्रिनिचमध्ये पहिली तीन चालू ठेवली जातात. १७५९ मध्ये पूर्ण झालेले आणि इतिहास घडवणारे चौथे मात्र थांबवलेले आहे. कारण साधे आहे: पहिल्या तिघांना तेल लागत नाही, चौथ्याला लागते. ते चालवले तर झिजेल आणि त्याच्यासारखे दुसरे नाही.

१४/
काही घड्याळांचे तर थांबणे हीच माहिती असते. हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयात ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी थांबलेली घड्याळे आहेत. ती चालू केली, तर त्यांनी दिलेली साक्ष पुसली जाईल. आपल्या घरातील बहुतेक घड्याळे मात्र अशा क्षणी थांबलेली नसतात. चावी द्यायचे कोणी विसरले, एवढेच. तरी अपघात, पूर किंवा मृत्यूशी त्या काट्यांचा संबंध असल्याची आठवण कुटुंबात असेल, तर काटे हलवण्यापूर्वी छायाचित्र घेणे आणि मग विचार करणे आवश्यक.

१५/
चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीही किती महाग पडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, हे मोठे काम झाले. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा, काळपट पडला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तो काढण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागले. आधार देणे उपयोगी ठरले. वरून दिलेली चकाकी नडली.

१६/
घड्याळांच्या बाबतीत ही चकाकी म्हणजे तबकडी नव्याने रंगवणे. जुन्या यंत्रावर भडक रंगाची नवी तबकडी, इकडून-तिकडून आणलेले काटे, घासून गुळगुळीत केलेली केस: अशा घड्याळांना संग्राहकांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. कंपनीने कधीच न काढलेली मॉडेल्स त्यात दिसतात. विकणाऱ्याचा व्यवसाय होतो आणि घेणाऱ्याची हौस भागते, पण एक मूळ तबकडी कायमची जाते. एचएमटीच्या जनताची जुनी अस्सल तबकडी एकदा गेली की परत येत नाही.

१७/
म्हणून घड्याळाच्या भागांचे दोन गट करावेत. पहिला गट बदलण्यासाठीच असतो: पट्टा, काच, मुख्य स्प्रिंग आणि तेल. घड्याळ नवे होते तेव्हाही हे भाग काही वर्षांनी बदलले जातील, हे गृहीत होते. दुसरा गट घड्याळाची ओळख बाळगतो: तबकडी, काटे, केस, मागचे झाकण आणि त्यावरील कोरीव अक्षरे. पहिल्या गटाला हात लावल्याने इतिहास बिघडत नाही. दुसऱ्या गटाला लावलेला हात मागे घेता येत नाही. डाग पडलेली, पिवळट झालेली मूळ तबकडी नव्या तबकडीपेक्षा अधिक मोलाची असते.

१८/
एका बाबतीत मात्र इतिहासापेक्षा आरोग्य आधी. १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या अनेक तबकड्यांवर रेडियमचा रंग असे. अमेरिकेत तो रंग भरताना कुंचला ओठांनी टोकदार करणाऱ्या कामगार मुलींना प्राणघातक आजार झाले. आज असे घड्याळ चमकत नाही, कारण प्रकाश देणारे रसायन संपलेले असते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षांचे आहे. आकडे आणि काटे तपकिरी, खडबडीत दिसत असतील, तर ते घड्याळ घरी उघडू नये, रंग खरवडू नये, झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. घड्याळजीलाही आधी सांगावे.

१९/
घड्याळ थांबलेलेच ठेवायचे ठरले, तरी ‘हात न लावणे’ म्हणजे दुर्लक्ष नव्हे. पावसाळ्यातील दमट हवा पोलादाला गंज चढवते. चामड्याचा पट्टा ओल धरतो. तो काढून वेगळा ठेवावा. घड्याळ मऊ सुती कापडात, घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे आणि पुडी वेळोवेळी बदलावी. रेडियमचे घड्याळ मात्र हवेशीर जागी. प्लास्टिकच्या पिशवीत नुसते गुंडाळणे टाळावे. चावी देऊ नये. सोबतची पावती, डबी, त्या घड्याळासह काढलेले जुने छायाचित्र हेही त्याच वारशाचे भाग आहेत.

२०/
चालू करायचे ठरले, तर घड्याळजीला नेमके सांगावे: यंत्र पूर्ण उघडून स्वच्छ करा, तेल द्या, गरज असेल तरच स्प्रिंग बदला, तबकडी रंगवू नका, केसला पॉलिश करू नका, झाकणाच्या आतल्या खुणा पुसू नका आणि काढलेला प्रत्येक भाग परत द्या. नुसते वरून तेल सोडणे म्हणजे जुन्या घाणीला ओलावा देणे. एचएमटीचे नवे भाग मिळत नसल्याने घड्याळजी दुसऱ्या मोडक्या घड्याळातला भाग लावतो. ते चालण्यासारखे आहे, पण काय बदलले याची चिठ्ठी लिहून ठेवावी.

२१/
मग निवाडा कोणत्या बाजूने? रेल्वेच्या आद्याक्षरांचे स्वातंत्र्यपूर्व घड्याळ, रेडियमची तबकडी किंवा एखाद्या घटनेशी जोडलेले काटे असतील, तर ते थांबलेले राहणे योग्य. तेथे माहितीचे मोल चालण्यापेक्षा अधिक आहे. लाखोंनी तयार झालेले, आजोबांनी तीस वर्षे रोज सकाळी चावी देऊन वापरलेले ‘जनता’ असेल, तर त्याचे यंत्र साफ करून ते पुन्हा हातात घालण्यात इतिहासाची हानी नाही. रोज सकाळी चावी देण्याची ती सवयही वारशाचाच भाग आहे. ग्रिनिचचा नियम दोन्हीकडे लागू पडतो: एकमेव असेल ते झिजू देऊ नये.

२२/
या सगळ्यात एकच गोष्ट घाईची आहे. कोरड्या डबीतले पोलाद आणखी पन्नास वर्षे थांबू शकते. त्याचा निर्णय पुढच्या पिढीवर सोडला तरी चालेल. पण ते घड्याळ कोणाचे, कधी घेतले, कोणत्या स्टेशनवर किंवा कोणत्या पलटणीत वापरले, मागच्या झाकणावरचा तो खोल ओरखडा कशाचा, हे सांगू शकणारी आजी पंच्याऐंशी वर्षांची आहे. घड्याळजीकडे जाण्यापूर्वी तिच्याजवळ बसावे, तिचे शब्द तारखेसह लिहून घ्यावेत आणि तो कागद घड्याळाच्या डबीत ठेवावा.